दोन झेंडे, एक चेंडू

बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही कागद समोर आला की नजर आधी खालच्या बेरजेवर जाते, मग वरच्या मजकुरावर. मध्यंतरी फुटबॉलचे जुने निकाल चाळताना मी असेच चार आकडे एका चिटोऱ्यावर एकाखाली एक मांडले. ०-८. ०-१२. ०-९. ०-७. बेरीज केली. जमेच्या बाजूला शून्य, नावे छत्तीस. ऑलिंपिक आणि विश्वचषक अशा जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांमधले हे चार पराभव, आणि चारही वेळी एक माणूस तिथे हजर होता. पहिल्या दोन वेळी खेळाडू म्हणून संघात, पुढच्या दोन वेळी प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला.

असा खातेदार आमच्या शाखेत आला असता तर त्याचे खाते केव्हाच बुडीत म्हणून निर्लेखित झाले असते, आणि कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबाची चौकशी लागली असती ती वेगळीच. पण गंमत अशी, की २००५ साली दक्षिण कोरियाच्या फुटबॉल संघटनेने आपल्या थोर मंडळींसाठी सन्मानाचे दालन उघडले, तेव्हा पहिल्या सात नावांत या माणसाचे नाव होते. तोवर त्याला जाऊन वीस वर्षे झाली होती. किम योंग-शिक त्याचे नाव. कोरियन लोक त्याला आपल्या फुटबॉलचा कुलपुरुष मानतात.

छत्तीस गोल खाणारा कुलपुरुष कसा होतो? या प्रश्नाचे उत्तर निकालांच्या पुस्तकात नाही. त्यासाठी थेट १९१० सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी २५ जुलैला कोरियाच्या ह्वांगहे प्रांतातल्या शिनचोन गावी किमचा जन्म झाला. हा भाग आज उत्तर कोरियात आहे. पोर महिन्याचे व्हायच्या आत, २२ ऑगस्टला, जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडून घेण्याच्या करारावर सह्या करवून घेतल्या. म्हणजे पाळण्यातल्या बाळाला आपले नाव कळायच्या आधीच देशाचे नाव पुसले गेले होते. वडील किम इक-दू हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. तरुणपणी ते मारामाऱ्या करणारे गावगुंड म्हणून बदनाम होते, पुढे धर्माकडे वळले आणि कोरियाभर हिंडून हजारोंच्या सभा गाजवू लागले. अशा घरात लेकराच्या अंगी शिस्त भिनते, आणि थोडा हट्टही.

पोरगा शिकायला राजधानीत आला. सोलला तेव्हा क्योंगसोंग म्हणत आणि जपानी लोक केइजो म्हणत. मिशनरी शाळांमुळे फुटबॉल तिथे चांगला रुजला होता. परक्या सत्तेखालच्या देशात मैदानाला फार वेगळी किंमत येते. सभा भरवायला बंदी, वर्तमानपत्रावर कात्री, शाळेत परकी भाषा. पण दहा हजार माणसांनी एकत्र जमून घसा फुटेस्तोवर ओरडायचे तर सामन्याइतके सोयीचे निमित्त दुसरे नाही. आपल्याकडे मोहन बागानने १९११ साली गोऱ्यांच्या पलटणीचा संघ हरवला, तेव्हा कलकत्त्यात जे झाले ते हेच. कोरियात १९२९ पासून क्योंगसोंग विरुद्ध प्योंगयांग असे सामने होऊ लागले. राजधानी विरुद्ध उत्तरेचे जुने शहर, अशी ही घरातलीच भांडाभांडी. किम या काळात घडला. त्याच साली ग्वांगजू शहरातून विद्यार्थ्यांचे जपानविरोधी आंदोलन पेटले आणि देशभर पसरले. किम तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

१९३५ साली क्योंगसोंगच्या संघाने समुद्र ओलांडला, टोकियोत जाऊन जपानची राष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि जिंकली. आज एंपरर्स कप म्हणून जी स्पर्धा ओळखली जाते ती हीच. तिच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जपानच्या बेटांबाहेरचा संघ विजेता झाला तो एवढा एकदाच. त्याच वर्षी मेइजी देवस्थानाची स्पर्धाही त्यांनी मारली. पुढच्या वर्षी बर्लिनला ऑलिंपिक होते. सरळ हिशेबाने पाहिले तर जपानच्या संघात निम्म्याहून अधिक कोरियन खेळाडू यायला हवे होते.

यादी लागली. तिच्यात वासेदा विद्यापीठाच्या पोरांचीच गर्दी होती. कोरियन फक्त दोन : किम योंग-शिक आणि किम यंग-गुन. राष्ट्रीय विजेत्या संघातून दोनच. यंग-गुनने या अन्यायाच्या निषेधार्थ जायला नकार दिला. योंग-शिकचेही पाऊल मागेच होते. जावे तर छातीवर उगवत्या सूर्याचे चिन्ह मिरवायचे, ज्यांनी देश गिळला त्यांच्यासाठी घाम गाळायचा. न जावे तर जगाला कळायचेच नाही की कोरियात कुणी फुटबॉल खेळते. 

या पेचातून त्याला वाट दाखवली ती यो उन-ह्योंग यांनी. हे गृहस्थ साधेसुधे नव्हते. स्वातंत्र्य चळवळीतले मोठे पुढारी, तुरुंगवास भोगलेले, एका वर्तमानपत्राचे प्रमुख आणि खेळांचे वेडे. जपान्यांशी त्यांचे वैर जगजाहीर होते. किमला जाऊ नकोस म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर तो यांना. पण त्यांनी उलटाच सल्ला दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की त्याने जावे, उत्तम खेळावे आणि कोरियन माणूस काय करू शकतो ते दाखवावे. किम गेला.

सायबेरिया ओलांडणाऱ्या रेल्वेने संघ बर्लिनला पोचला. तिथे एक मजेदार गोष्ट घडली. ऑफसाइडचा नियम १९२५ साली बदलल्यापासून युरोपातले संघ मागे दोनऐवजी तीन बचावपटू ठेवू लागले होते. जपानपर्यंत ही वार्ता नीट पोचलीच नव्हती. सरावाचे सामने बर्लिनच्या स्थानिक क्लबांशी झाले, त्यांत मार बसला, तेव्हा यांचे डोळे उघडले. स्पर्धा तोंडावर आली असताना त्यांनी सगळी मांडणी बदलली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यासक्रम बदलावा तशातला हा प्रकार.

४ ऑगस्ट १९३६ रोजी समोर स्वीडन होते. उंचेपुरे, अनुभवी, युरोपातल्या नावाजलेल्या संघांपैकी एक. मध्यंतरापर्यंत स्वीडन २-० ने पुढे. स्वीडिश पत्रकारांना पुढचा सामना दिसू लागला होता. पण दुसऱ्या सत्रात ही बुटकी पोरे धावतच राहिली. कावामोतोने एक गोल फेडला, उकोनने बरोबरी केली आणि पाचच मिनिटे उरली असताना मात्सुनागाने तिसरा मारला. ३-२. जपानी फुटबॉलच्या इतिहासात हा सामना बर्लिनचा चमत्कार म्हणून अमर झाला आहे.

स्वीडनच्या रेडिओवर त्या दिवशी समालोचन करणारे स्वेन येरिंग अखेरच्या मिनिटांत इतके भांबावले, की पुढे जपानी, मागे जपानी, जिकडेतिकडे जपानी, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. स्वीडनमध्ये ते समालोचन आजही दंतकथेसारखे सांगतात. पण येरिंगना एक ठाऊक नव्हते. त्यांनी मोजलेल्या त्या जपान्यांमध्ये एक जण जपानी नव्हता. हाफबॅकच्या जागेवर ऊर फुटेस्तोवर पळणारा तो गडी कागदावर किन योशोकु होता. एकाच लिपीतली तीच तीन अक्षरे. सोलमध्ये वाचली की किम योंग-शिक, टोकियोत वाचली की किन योशोकु. 

तीन दिवसांनी इटलीने जपानला ८-० असे धुतले. इटली त्या वर्षीचे सुवर्णपदक घेऊन गेली. आमच्या चिटोऱ्यावरचा पहिला आकडा तो हाच.

आणखी दोन दिवसांनी, ९ ऑगस्टला, त्याच बर्लिनमध्ये सोन की-जुंग या कोरियन धावपटूने मॅरेथॉन जिंकली. त्याच्याही नावाचे जपानी वाचन झाले होते, सोन कितेइ. विजयमंचावर जपानचे राष्ट्रगीत वाजू लागले तेव्हा त्याने मान खाली घातली आणि हातातल्या रोपट्याने छातीवरचे चिन्ह झाकले. सोलच्या वर्तमानपत्रांनी त्याचा फोटो छापताना छातीवरचा जपानी सूर्य खोडून टाकला. त्यांतले एक वर्तमानपत्र यो उन-ह्योंग यांचे होते. छपाई बंद पडली, पत्रकार तुरुंगात गेले.

इथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण कोरियातही तो विचारला गेला आहे. बरोबर कोण होता? घरी राहिलेला यंग-गुन, की गेलेला योंग-शिक?

आपल्याला या प्रश्नाचा उत्तर देताना थोडे अडखळायला हवे. त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवून हॉकीचे सुवर्ण मिळवले. तो संघही ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानचा होता, वर फडकणारा झेंडा आपला नव्हता. ध्यानचंद फौजेत चाकरीला होता. म्हणून आपण त्याला कधी साहेबाचा माणूस म्हटले का? कुणाच्या मनातही तसे आले नाही.

माझ्या घरचेच सांगतो. आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांचे धाकटे भाऊ बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला जाऊन आले. सुटून आल्यावर धाकट्यांच्या पोराबाळांचे दोन वर्षे पोट भरले ते थोरल्यांच्या सरकारी पगारावर. ओटीवर खादीचा सदरा आणि कचेरीचा काळा कोट शेजारी शेजारी टांगलेले असत. लहानपणी मला खादीचा अभिमान वाटे आणि कोटाची लाज वाटे. आता साठी उलटल्यावर वाटते, की दोन्ही खुंट्या त्याच भिंतीच्या होत्या. यंग-गुनचा नकार खरा होता. योंग-शिकचे जाणेही खरे होते. फरक एवढाच, की नकाराचा हिशेब त्याच दिवशी चुकता होतो. जाणाऱ्याला मात्र आपण कशासाठी गेलो हे उरलेल्या आयुष्यातून दाखवून द्यावे लागते. किमने ते दाखवले.

१९४५ साली जपान शरण गेला. कोरिया सुटला, पण ३८व्या अक्षांशावर चिरला गेला. उत्तरेत रशियन, दक्षिणेत अमेरिकन. १९४६ मध्ये सोलला प्योंगयांगशी जुना सामना पुन्हा एकदा झाला आणि मग बंदच पडला. किमचे गाव रेषेपलीकडच्या राज्यात जाणार हे पुढे ठरले. १९ जुलै १९४७ रोजी यो उन-ह्योंग यांना भर सोलमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या घालणारा जपानी नव्हता, कोरियनच होता. स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन वर्षांच्या आतच आपल्या थोर माणसाचा आपल्याच माणसाकडून खून होणे म्हणजे काय, हे १९४८ च्या जानेवारीनंतर आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

लंडनचे ऑलिंपिक १९४८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये होते. कोरियाला पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने जायचे होते, पण तिजोरीत खडखडाट. मग १९४७ च्या डिसेंबरात शंभर वोनचे एकेक तिकीट अशी चौदा लाख तिकिटांची सोडत काढली गेली. कोरियाची ती पहिली लॉटरी. लोकांनी फाटक्या खिशातून पैसे काढून आपला संघ लंडनला धाडला. २१ जून १९४८ ला मंडळी सोलहून निघाली. रेल्वेने पुसान, बोटीने जपान, पुन्हा बोटीने शांघाय आणि हाँगकाँग, तिथून विमानाने बँकॉक, कलकत्ता आणि आपली मुंबई. पुढे कैरो, रोम, ॲम्स्टरडॅम आणि शेवटी लंडन. तीन आठवड्यांच्या आसपास हा प्रवास चालला. मुंबईच्या पावसात काही तास टेकून गेलेल्या त्या थकल्या पथकात अडतिशीला आलेला एक फुटबॉलपटू होता, ही गोष्ट तेव्हा इथे कुणाच्या गावीही नसणार.

२९ जुलैला वेम्ब्लीवर संचलन झाले. कोरियाचा झेंडा हाती घेऊन पुढे चालत होता सोन की-जुंग, बारा वर्षांपूर्वी छातीवरचे चिन्ह झाकणारा. आणि लक्षात घ्या, तोवर दक्षिण कोरियाचे सरकारच अस्तित्वात आले नव्हते. कारभार अमेरिकी लष्कराचा होता. प्रजासत्ताकाची घोषणा झाली ती १५ ऑगस्ट १९४८ रोजी, ऑलिंपिक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. देशाच्या आधी देशाचा संघ मैदानात उतरला, असे उदाहरण विरळाच.

३१ जुलैला आपल्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी फ्रान्सला झुंजवले आणि १-२ अशी हार पत्करली. त्यानंतर दोनच दिवसांनी, २ ऑगस्टला, कोरियाने मेक्सिकोला ५-३ असे हरवले. पहिला आंतरराष्ट्रीय सामना आणि पहिलाच विजय. पुढचा सामना ५ ऑगस्टला. प्रतिस्पर्धी कोण? स्वीडन.

स्वीडनशी कसे खेळायचे हे त्या संघात अनुभवाने सांगू शकेल असा एकच माणूस होता. पण बारा वर्षांत स्वीडन बदलले होते. ग्रेन, नॉर्डाल, लीडहोल्म ही पुढे इटलीत जाऊन दंतकथा बनलेली त्रयी त्या संघात होती. निकाल १२-० लागला. स्वीडनने पुढे सुवर्णपदक जिंकले. कोरियाच्या जाळ्यासमोर त्या दिवशी हाँग दोक-यंग हा तरुण गोलरक्षक होता. त्याचे नाव ध्यानात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

परक्या झेंड्याखाली स्वीडनवर विजय, आपल्या झेंड्याखाली त्याच स्वीडनकडून बारा गोल. नियतीला विनोद करायचा असतो तेव्हा ती असा करते. दुसरा कुणी असता तर त्याने बूट खुंटीला टांगले असते. किमचा मात्र निवृत्तीचा विचार नव्हता. दारू आणि तंबाखूपासून दूर राहिलेले शरीर आणि रोज न चुकता चेंडूशी सराव, यासाठी तो ओळखला जाई. १५ एप्रिल १९५० रोजी हाँगकाँगविरुद्ध तो कोरियाकडून खेळला तेव्हा चाळिशीला साडेतीन महिने उरले होते. कोरियाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला सर्वांत वयस्क खेळाडू हा विक्रम त्या सामन्याने त्याच्या नावावर लागला.

सव्वादोन महिन्यांनी, २५ जूनला, उत्तरेच्या फौजा ३८वा अक्षांश ओलांडून खाली आल्या.

पुढच्या नऊ महिन्यांत सोल शहर चार वेळा हातबदल झाले. ज्या मैदानांवर सामने झाले तिथे छावण्या पडल्या. किमचे वडील उत्तरेत शिनचोनलाच राहिले होते. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये माघार घेणाऱ्या साम्यवादी सैनिकांनी त्या वृद्ध धर्मोपदेशकाला चर्चमध्ये ठार केले. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. युद्धकैद्यांचा अवघड प्रश्न उरला होता. तो सोडवण्यासाठी भारताची फौज दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जाऊन राहिली. तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे, वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दोन्ही बाजूंच्या संतापाला तोंड देत त्यांनी ते काम १९५४ च्या फेब्रुवारीपर्यंत निभावले आणि आपली माणसे परत आणली.

ती फौज परतली, त्याच्या पुढच्याच महिन्यात कोरियाचा फुटबॉल संघ टोकियोत उतरला. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी जपानशी दोन सामने होते. नियमाने एक सोलला व्हायचा, पण राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी जपानी संघाला कोरियाच्या मातीवर पाय ठेवू द्यायला साफ नकार दिला. म्हणून दोन्ही सामने टोकियोत. ७ मार्चला कोरिया ५-१ ने जिंकला, १४ मार्चला २-२ अशी बरोबरी झाली. जपानच्या संघाचे प्रशिक्षक होते ताकेनोकोशी, बर्लिनला किम ज्या संघातून खेळला त्या संघाचे साहाय्यक प्रशिक्षक. कोरियाला तेव्हा ली यू-ह्योंग यांनी तयार केले होते. स्वित्झर्लंडला जायची वेळ आली तेव्हा संघाची सूत्रे किमच्या हाती आली.

आणि आता त्याची खरी कसोटी होती. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते. कित्येक खेळाडूंची घरे रेषेपलीकडे राहिली होती. विमानाची पुरेशी तिकिटे मिळाली नाहीत म्हणून संघ दोन तुकड्यांत निघाला. पहिली तुकडी अनेक ठिकाणी विमाने बदलत झुरिकला पोचली ती सामन्याच्या आदल्या रात्री. १७ जूनला समोर हंगेरी. पुष्काश आणि कोचिशची हंगेरी. चार वर्षे अजिंक्य. इंग्लंडला त्यांच्या घरी ६-३ आणि नंतर बुडापेस्टला ७-१ असे लोळवणारी. त्या वेळी बदली खेळाडू उतरवायची मुभा नव्हती. उत्तरार्धात कोरियन पोरांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, एकेक जण बसू लागला. तरी जाळ्यासमोर हाँग दोक-यंग उड्या घेत राहिला, लंडनला बारा गोल खाल्लेला तोच हाँग. नऊ गोल झाले. त्याने अडवलेले फटके त्याहून पुष्कळ जास्त होते.

तीन दिवसांनी जिनिव्हाला तुर्कस्तान. किमने जवळजवळ नवा संघ उतरवला. यामागे थकव्याचा हिशेब होताच. पण इतक्या लांब आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी विश्वचषकाच्या मैदानावर उभे राहता यावे, असेही त्यात मला दिसते. ०-७. कोरिया घरी परतला. त्याच दिवशी हंगेरीने पश्चिम जर्मनीलाही ८-३ असे झोडपले होते, हे मात्र कुणी सांगत नाही. कारण त्याच जर्मनीने ४ जुलैला अंतिम सामन्यात हंगेरीला हरवून विश्वचषक उचलला. आठ गोल खाऊन जर्मनी जगज्जेता झाला तर ती चाल ठरते. नऊ गोल खाऊन कोरिया परतला तर ती फजिती ठरते.

आता आमच्या चिटोऱ्याकडे पुन्हा पाहू. बँकेत आम्हाला एक गोष्ट शिकवली जाई : नुकताच उघडलेला धंदा पहिल्या ताळेबंदावरून जोखू नये. पहिली काही वर्षे खर्चाचीच असतात. माणसे शिकत असतात, यंत्रे बसत असतात, गिऱ्हाईक ओळखत नसते. तोट्याची ती पाने हिंमतीने सही करणारा कुणीतरी लागतो. त्याची सही नसेल तर नफ्याचे पान कधी येतच नाही. किमने अशा चार पानांवर सही केली. पळून गेला नाही. पराभवाचे खापर प्रवासावर, युद्धावर, पोरांवर फोडत बसला नाही. परतला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मैदानावर पोरांना चेंडू कसा थांबवायचा ते शिकवू लागला.

तो ते पुढे पंचवीस-तीस वर्षे करीत राहिला. १९८० च्या डिसेंबरात कोरियातला पहिला व्यावसायिक क्लब स्थापन झाला. ख्रिस्ती मंडळींनी काढलेल्या त्या क्लबाचे नाव होते हालेलुया. त्याचा पहिला प्रशिक्षक म्हणून कुणाला नेमले असेल? सत्तरीच्या किमला. धर्मोपदेशकाचा मुलगा इतक्या वर्षांनी वडिलांच्या आणि स्वतःच्या, अशा दोन्ही वाटा जिथे मिळतात त्या वळणावर उभा होता. १९८३ साली कोरियाची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि ती याच क्लबने जिंकली. तोवर सूत्रे दुसऱ्याकडे गेली होती. पाया घालणाऱ्याच्या नशिबी कळस चढवणे नसते, हे इथेही खरे ठरले.

८ मार्च १९८५ रोजी किम गेला. वय चौऱ्याहत्तर. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला सोलमध्ये कोरियाने जपानला १-० असे हरवले आणि बत्तीस वर्षांनी पुन्हा विश्वचषकाचे दार उघडले. जेमतेम आठ महिने त्याला कमी पडले. १९८६ साली मेक्सिकोत पाक चांग-सनने अर्जेंटिनाविरुद्ध गोल केला, तो विश्वचषकातला कोरियाचा पहिला गोल. पहिला विजय यायला २००२ साल उजाडावे लागले. पुसानला पोलंडवर २-० असा. ज्या पुसान बंदरातून १९४८ साली लॉटरीच्या पैशांवर संघ निघाला होता तेच हे शहर. त्या स्पर्धेत कोरिया थेट उपांत्य फेरीत गेला. लाल सदरे घातलेल्या लाखो माणसांनी रस्ते भरून गेले होते. 

आणि त्या विश्वचषकाचे यजमान कोण होते? कोरिया आणि जपान. दोघे मिळून. १९५४ साली ज्या देशाच्या संघाला आपल्या मातीवर पाय ठेवू द्यायचा नाही असे ठरले होते, त्याच्याशी पंगतीत मांडी लावून कोरिया पाहुण्यांना वाढत होता. दोन झेंडे शेजारी शेजारी, कुणी कुणाखाली नाही. माझ्या आजोबांच्या ओटीवरच्या त्या दोन खुंट्या मला तेव्हा आठवल्या.

त्या वर्षीच्या प्रशिक्षकाचे, हॉलंडच्या गुस हिडिंकचे नाव साऱ्या जगाला ठाऊक झाले. तीन वर्षांनी सन्मानाच्या दालनात पहिली सात नावे लागली तेव्हा त्यांत हिडिंकही होता, गोलरक्षक हाँग दोक-यंगही होता आणि किम योंग-शिकही होता. पहिला विजय आणि पहिले पराभव एकाच भिंतीवर. ज्याने ही यादी केली त्याला हिशेब कळत होता.

माझ्या चिटोऱ्यावर मी ते चार आकडे तसेच ठेवले आहेत. फक्त बेरजेखालची शून्य-छत्तीस ही ओळ खोडली आणि तिथे एक शब्द लिहिला : भांडवल.